नवी गाडी सदोष निघाली, बदलून मिळेल का? सातारा-सांगलीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा किंवा पाडवा होऊन महिना-दीड महिना गेला की फोन यायला लागतात. बॉनेटवरच्या स्वस्तिकाचं कुंकू अजून पुरतं धुतलं गेलेलं नसतं आणि गाडी तिसऱ्यांदा वर्कशॉपला उभी असते. मी वकील नाही. माझ्या स्वतःच्या नव्या गाडीसाठी काही वर्षांपूर्वी साताऱ्याच्या ग्राहक आयोगात तक्रार लढवली आणि तेव्हापासून सातारा, कराड, मिरज, विट्याकडच्या लोकांना तक्रारी लिहून द्यायला मदत करतो. मला गाडी बदलून मिळाली नाही. गिअरबॉक्स नवा मिळाला आणि थोडी भरपाई मिळाली. बदलून का नाही मिळाली, ते प्रश्न ५ मध्ये सांगितलं आहे. तो प्रश्न सगळ्यांनी वाचा, बाकी वेळ असेल तसे वाचा.

१. नवीन गाडीत बिघाड निघाला तर कंपनीने गाडी बदलून द्यायलाच हवी, असा कायदा आहे ना?

नाही. अमेरिकेत सदोष गाड्यांसाठी वेगळे कायदे आहेत, आपल्याकडे फक्त गाड्यांसाठी असा कायदा नाही. आपल्याकडे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ आहे. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने १९८६ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली. त्याच्या कलम ३९ प्रमाणे आयोग दोष काढून द्यायला सांगू शकतो, त्याच प्रकारची निर्दोष नवी वस्तू द्यायला सांगू शकतो, किंमत व्याजासह परत करायला लावू शकतो, वर नुकसानभरपाई देऊ शकतो. यातलं काय द्यायचं ते पुरावा बघून आयोग ठरवतो.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा या प्रकरणात सांगितलं की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचं वचन आहे, अख्खी गाडी बदलून देण्याचं नाही. कंपनीचा वकील पहिल्या दिवशी हाच निकाल पुढे करतो. त्यामुळे एक भाग बदलून प्रश्न सुटत नाही, हे दाखवायची तयारी तुम्हाला सुरुवातीपासून ठेवावी लागते.

२. मग कोणत्या बिघाडाला गाडी बदलून मिळण्याची खरी शक्यता असते?

माझ्या अनुभवात तीन प्रकारांत. पहिला, दोष जिवाशी संबंधित आहे: ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, चालत्या गाडीचं इंजिन बंद पडणं. दुसरा, तोच बिघाड पुन्हा पुन्हा येतो, वर्कशॉपने भाग बदलले, तरी तो गेला नाही आणि कागदावर ते दिसतं. तिसरा, गाडी नवी नव्हतीच, वापरलेली किंवा ठोकलेली गाडी रंगवून नवी म्हणून दिली (प्रश्न १५ पाहा).

पहिल्या प्रकारातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०२२ चा आहे, ह्युंदाई मोटर इंडिया विरुद्ध शैलेंद्र भटनागर. अपघातात पुढच्या एअरबॅग उघडल्या नाहीत. ठरावीक वेगाने आणि ठरावीक जोराने धडक बसली तरच एअरबॅग उघडते, अशी कंपनीची बाजू होती. ग्राहकाने वेगाचं आणि बलाचं गणित मांडून गाडी घ्यावी अशी अपेक्षा करता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं आणि भरपाईसह गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला.

डॅशबोर्डची खडखड, दरवाजाची रबर सुटणं, म्युझिक सिस्टिम अडकणं, यासाठी गाडी बदलून मिळत नाही. ते दुरुस्त करून मिळतं, मिळायलाच हवं.

३. गाडी वडिलांच्या नावावर आहे, चालवतो मी. तक्रार मला करता येईल का?

खरेदी करणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याच्या व्याख्येत ग्राहक आहे, म्हणून येईल. तरी तक्रार वडिलांच्या नावाने करा आणि तुम्ही त्यांचं अधिकारपत्र घेऊन हजर राहा. पावती, आरसी, विमा सगळं त्यांच्या नावावर असतं आणि नावाच्या मुद्द्यावर दोन तारखा घालवण्यात अर्थ नाही.

४. ताबा घेतानाच काय तपासावं?

पूजेच्या घाईत हेच राहून जातं. शक्य असेल तर नोंदणी व्हायच्या आधी, दिवसाउजेडी गाडी बघा. चासी नंबर आणि इंजिन नंबर पावतीशी जुळवा, गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली ते विचारून लिहून घ्या, किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढा, टायरवरचा आठवडा-वर्षाचा आकडा बघा, दरवाजाच्या कडांना आणि डिकीत रंगाचा फरक आहे का ते बोट फिरवून बघा. ताब्याच्या कागदावर सही करताना जे खटकलं ते तिथेच लिहा.

५. बिघाड दिसला. पहिलं काम काय?

जॉब कार्ड, म्हणजे गाडी वर्कशॉपला देताना तुमची तक्रार आणि नंतर केलेलं काम नोंदवणारा कागद. दुसरं आणि तिसरं कामही जॉब कार्डच.

माझी गाडी साताऱ्यातून यवतेश्वर घाट चढताना दुसऱ्या गिअरमधून आपोआप सुटायची. मागे घरचे बसलेले, वळणावर चढ, आणि गाडी न्यूट्रल. मी वर्कशॉपच्या काउंटरवर हे सगळं हातवारे करून सांगितलं. सर्व्हिस अॅडव्हायझर मान हलवत टाइप करत होता. त्याने पुढे केलेल्या कागदावर मी उभ्याउभ्या सही केली. त्यावर काय होतं ते मी पहिल्यांदा नीट वाचलं ते दीड वर्षाने, आयोगात: 'जनरल चेकअप, वॉशिंग'. दुसऱ्या खेपेच्या कार्डावरही तेच. कंपनीच्या वकिलाने ती दोन कार्डं वाचून दाखवली आणि विचारलं, की गाडी घेतल्यापासून गिअर सुटत होता तर पहिल्या दोन खेपांना तक्रारदाराने एका शब्दाने ते का सांगितलं नाही? मी सांगितलं होतं. कागदाने सांगितलं नव्हतं. माझी पुढची तीन कार्डं बरोबर होती म्हणून गिअरबॉक्स तरी मिळाला.

तेव्हा तुमच्याच शब्दांत, तुमच्यासमोर लिहून घ्या: कोणता बिघाड, कोणत्या वेगाला, चढावर की सपाटीवर, इंजिन थंड असताना की तापल्यावर, किती किलोमीटर झाल्यावर. सल्लागाराने छोटं करून लिहिलं तर पेनाने खाली भर घाला आणि मग सही करा. कार्डाचा फोटो तिथेच काढा. गाडी परत घेताना काय तपासलं, काय बदललं, हे लिहिलेलं शेवटचं कार्डही मागा. 'बिल शून्य आहे, कागद कशाला' असं उत्तर मिळालं तर त्याच दिवशी ईमेल करा: 'आज गाडी परत घेतली, अमुक काम केल्याचं तोंडी सांगितलं, जॉब कार्ड मागूनही मिळालं नाही.' तो ईमेल तुमचं जॉब कार्ड.

'काम समाधानकारक झाले' या छापील ओळीखालची सही तर फारच महागात पडते. तिथे 'चालवून बघून कळवतो' असं लिहून सही करा.

६. वर्कशॉपमध्ये नेलं की बिघाड दिसतच नाही. मग?

असे फोन सर्वांत जास्त येतात. आवाज किंवा झटका येतो तेव्हा शेजारी बसलेल्याला व्हिडिओ काढायला सांगा, स्पीडोमीटर आणि डॅशबोर्डवरचे दिवे दिसतील असा. गाडी चालवत असताना स्वतः मोबाइल धरू नका. मग वर्कशॉपच्या माणसाला सोबत घेऊन त्याच रस्त्यावर जा. पसरणी घाटात दिसणारा बिघाड एमआयडीसीच्या सपाट रस्त्यावर दिसणार नाही. रोड टेस्ट कुठे, किती किलोमीटर आणि कोणासोबत झाली, हे कार्डावर नोंदवायला लावा. स्कॅनर लावला असेल तर फॉल्ट कोडची छापील प्रत मागा.

७. "या मॉडेलमध्ये हे असंच असतं" असं सांगतात. ते खरं कसं समजायचं?

त्याच शोरूममधली त्याच मॉडेलची, त्याच इंजिनची टेस्ट ड्राइव्हची गाडी मागा आणि लगोलग दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर चालवा. फरक असेल तर दोन्ही व्हिडिओ जपून ठेवा. फरक नसेल तर तोही विचार करण्याजोगा पुरावा आहे, कारण नव्या कायद्यात आराखड्यातला दोषही उत्पादकाच्या जबाबदारीत येतो. सगळ्या गाड्या तशाच असल्या म्हणून तुमची गाडी निर्दोष ठरत नाही. मात्र 'असंच असतं' हे उत्तर लेखी मागा. लेखी मागितलं की पुष्कळदा बोलण्याचा सूर बदलतो.

८. वाद चालू असताना गाडी वापरावी की उभी ठेवावी?

दोष जिवाशी संबंधित असेल तर वापरू नका. गाडी सुरक्षित वाटत नाही म्हणून उभी केली आहे, हे तारीख आणि किलोमीटरच्या आकड्यासह लेखी कळवा. दोष त्रासदायक पण धोक्याचा नसेल तर गरजेपुरती वापरा. गाडी चाळीस-पन्नास हजार किलोमीटर पळाली तर बदलून देण्याची मागणी कमकुवत होते, कारण इतकी पळालेली गाडी सदोष कशी, हा प्रश्न विचारला जातोच.

गाडी वर्कशॉपमध्येच सोडून यायचं ठरवत असाल तर आधी त्यांना लेखी कारण द्या. नाहीतर नंतर जागेचं भाडं मागणारं पत्र येतं आणि तुम्ही गाडी टाकून गेलात असं चित्र उभं राहतं.

९. कर्जाचे हप्ते थांबवू का?

अजिबात नाही. बँकेने तुम्हाला सदोष गाडी दिलेली नाही, पैसे दिले आहेत. हप्ते चुकले की सिबिल बिघडतो, गाडी उचलली जाऊ शकते आणि गाडीच हातात नसेल तर तपासणी कशाची करणार? तक्रारीत बँकेला औपचारिक पक्ष करता येतं, म्हणजे गाडी परत घेण्याचा आदेश झाला तर बोजा उतरवण्याचं कामही त्यातच होतं. भरलेलं व्याज भरपाईत मागा (प्रश्न १८).

१०. आधी नोटीस द्यावीच लागते का? वकिलाचीच हवी का?

कायद्याने सक्तीची नाही, पण द्या. वकिलाची असायला हवी असंही नाही. साध्या मराठीत डीलर आणि कंपनी दोघांना स्पीड पोस्टाने पाठवा आणि ईमेलही करा: गाडीचा चासी नंबर, ताब्याची तारीख, प्रत्येक खेपेची तारीख-किलोमीटर-तक्रार-केलेलं काम, तुमची मागणी आणि पंधरा दिवसांची मुदत. कंपनीच्या विभागीय सर्व्हिस इंजिनिअरने तुमच्यासमोर गाडी तपासावी, ही मागणीही टाका. शिव्याशाप, सोशल मीडियाच्या धमक्या नकोत. ही नोटीस उद्या आयोग वाचणार आहे.

त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. पुष्कळ कंपन्या तिथे उत्तर देतात आणि लहान वाद तिथेच मिटतात. मात्र हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही आणि तिथल्या तक्रारीने तुमची मुदत थांबत नाही (प्रश्न १६).

११. गाडी पुण्यातून घेतली, राहतो कराडला. तक्रार कुठे करायची?

साताऱ्याच्या जिल्हा आयोगात. २०१९ च्या कायद्याने दिलेली ही फार मोठी सोय आहे: तक्रारदार जिथे राहतो किंवा जिथे काम करून पोट भरतो, तिथल्या आयोगात तक्रार चालते. सांगली जिल्ह्यातल्या माणसाने कोल्हापूरहून गाडी आणली असेल तर तो सांगलीत दाद मागू शकतो. पावतीवर 'वाद फक्त पुणे न्यायालयाच्या कक्षेत' असं छापलेलं असलं तरी बिचकू नका. वाद न्यायालयाबाहेर लवादाकडेच न्यायची अट असली तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एमार एमजीएफ प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५० लाखांच्या वर २ कोटींपर्यंत राज्य आयोग. म्हणजे आपल्याकडची जवळपास प्रत्येक गाडी जिल्हा आयोगातच येते.

१२. खर्च किती? वकील लागतोच का?

फी ऐकून लोकांना खरं वाटत नाही. गाडी ५ लाखांपर्यंतची असेल तर फी नाही. ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये, २० ते ५० लाखांना १००० रुपये. नऊ लाखांच्या गाडीसाठी दोनशे रुपये, म्हणजे एका बाजूचा टोल आणि वाटेतला चहा-नाश्ता.

वकील सक्तीचा नाही, तक्रार मराठीत लिहिता येते, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. तरी माझं मत सांगतो. जॉब कार्डं पक्की आहेत आणि मागणी दुरुस्तीची किंवा भरपाईची आहे, तर स्वतः लढा. गाडी बदलूनच हवी असेल तर समोर कंपनीचा मुरलेला वकील आणि तिचा इंजिनिअर असणार. तेव्हा ग्राहक प्रकरणं नियमित चालवणारा वकील घ्या.

१३. निकाल किती दिवसांत लागतो?

कायद्यात लिहिलं आहे ते तीन महिने, आणि वस्तूची तपासणी लागली तर पाच महिने. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ जातो, वर्ष-दोन वर्षांची मानसिक तयारी ठेवा. तुमच्या हातात असलेला वेळ तरी वाया जाऊ देऊ नका. सामनेवाल्याला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला, म्हणणं मांडायला नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस असतात, आयोग फार तर १५ दिवस वाढवून देऊ शकतो. ४५ दिवसांच्या पुढे एक दिवसही नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने पक्कं केलं आहे. ४६ व्या दिवशी म्हणणं द्यायला आले तर हरकत घ्या.

१४. दोष आहे हे सिद्ध कोणी करायचं? मी मेकॅनिक नाही.

तक्रारदाराने. तक्रारी इथेच सर्वांत जास्त कोसळतात.

प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि अहवाल ४५ दिवसांत मागवतो, अशी तरतूद कलम ३८ मध्ये आहे. तपासणीची फी आधी तक्रारदाराला आयोगात भरावी लागते. यासाठी तुम्ही अर्ज करायचा असतो. वाट बघत बसू नका, कंपनीचं म्हणणं आलं की पुढच्याच तारखेला अर्ज द्या आणि नावंही सुचवा. आपल्या भागात सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, पुण्यात एआरएआय आणि सीआयआरटी या वाहनांशी संबंधित संस्था आहेत.

अर्जात नेमका प्रश्न विचारा. 'गाडी तपासावी' एवढंच लिहिलं तर 'गाडी चालू स्थितीत आहे' एवढंच उत्तर येतं. असं विचारा: तक्रारीत लिहिलेला बिघाड आढळतो का? तो उत्पादनातला आहे की वापरातला? दुरुस्तीने कायमचा जाईल का? तपासणी चढाच्या रस्त्यावर, गाडी तापल्यावर व्हावी, हेही मागा. तपासणीच्या दिवशी स्वतः हजर राहा.

खासगी गॅरेजवाल्याचा दाखला? काहीच नसण्यापेक्षा बरा. त्यासोबत त्याचं शपथपत्र आणि शिक्षण-अनुभव जोडा, नाहीतर कंपनी त्याला एका वाक्यात उडवते. तज्ज्ञाचा अहवाल तुमच्या बाजूने आला तर चित्र पालटतं. सी. एन. अनंतराम विरुद्ध फियाट इंडिया या २०१० च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सूत्र धरलं: स्वतंत्र तज्ज्ञाने गाडीत मूळचा उत्पादनदोष आहे असं सांगितलं, तर ग्राहकाला किंमत व्याजासह परत.

काही वेळा घटनाच स्वतः बोलते, जसं भीषण धडकेत न उघडलेली एअरबॅग (प्रश्न २). तिथे तज्ज्ञ नसतानाही आयोग दोष धरू शकतो. पण त्या भरवशावर तक्रार उभी करू नका.

१५. तक्रार डीलरविरुद्ध करायची की कंपनीविरुद्ध? आणि पुरात भिजलेली गाडी नवी म्हणून विकली असेल तर?

दोघांना पक्ष करा. दोघांत कोण दोषी हे शोधणं तुमचं काम नाही, पण तक्रारीत प्रत्येकाचं वागणं वेगळं लिहा. उत्पादनातला दोष असेल तर भार कंपनीवर. चुकीची दुरुस्ती, लपवलेलं नुकसान, जुनी गाडी नवी म्हणून विकणं, हे डीलरचं. टाटा मोटर्स विरुद्ध अँटोनिओ पावलो वाझ या गोव्याच्या प्रकरणात ६२२ किलोमीटर चाललेली जुन्या वर्षाची गाडी डीलरने नवी म्हणून विकली होती. कंपनीला त्याची माहिती होती असं दाखवता आलं नाही, म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला सोडलं. जबाबदारी डीलरवर राहिली. फक्त कंपनीला पक्ष केलं असतं तर ग्राहकाच्या हाती काय आलं असतं?

पुराची शंका सांगलीकर २०१९ आणि २०२१ नंतर सारखी विचारतात आणि ती रास्त आहे. नव्या गाडीत सीटच्या रुळांवर गंज, कार्पेटखाली बारीक गाळ, बेल्ट पूर्ण ओढल्यावर टोकाला मातकट रेघ, फ्यूज बॉक्सच्या खिळ्यांवर हिरवट थर दिसला तर लगेच फोटो काढा आणि त्याच दिवशी लेखी कळवा. तुमच्या दारात उभी असताना गाडी कृष्णेच्या पाण्यात गेली असेल तर तो ग्राहक आयोगाचा नाही, विम्याचा विषय आहे. पाण्यातून काढलेली गाडी चावी फिरवून सुरू करू नका, इंजिनात पाणी गेल्यावर सुरू केलेल्या गाडीचा दावा फेटाळायला विमा कंपनीला कारण मिळतं.

१६. वॉरंटी संपली. गाडी घेऊन दोन वर्षं होत आली. उशीर झाला का?

वॉरंटी आणि तक्रारीची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात. वॉरंटीत असताना सुरू झालेला आणि जॉब कार्डावर आलेला दोष वॉरंटी संपली म्हणून नाहीसा होत नाही. पण 'आमचं ईमेलवर बोलणं चालू होतं' म्हणून मुदत आपोआप पुढे सरकत नाही. सगळ्यात सुरक्षित हिशोब ताब्याच्या तारखेपासून धरा. दोन वर्षं उलटलीच असतील तर तक्रारीसोबत विलंब माफीचा अर्ज द्या, त्यात सबळ कारण हवं आणि कागद हवेत.

१७. गाडी धंद्याला आहे. ट्रॅक्टर, टॅक्सी, कंपनीच्या नावावरची गाडी यांना हा कायदा लागतो का?

व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू या कायद्यात बसत नाही, मात्र स्वयंरोजगारातून फक्त उदरनिर्वाहासाठी घेतलेली वस्तू बसते. स्वतःच्या शेतासाठी घेतलेला ट्रॅक्टर यात येतो. गळीत हंगामात तो स्वतः चालवून कारखान्याला ऊस वाहणारा शेतकरीही येऊ शकतो. पाच ट्रॅक्टर, पाच ड्रायव्हर, हे चित्र मात्र धंद्याचं. स्वतः चालवलेली एक टॅक्सी चालते, टॅक्सींचा ताफा नाही. 'ही माझ्या उपजीविकेचं साधन आहे, मी स्वतः चालवतो' हे वाक्य तक्रारीत आणि शपथपत्रात हवंच, ते नसल्याने चांगल्या तक्रारी दारातून परत गेल्या आहेत.

कंपनीच्या नावावरची गाडी संचालकाच्या वैयक्तिक वापराला असेल तर ती आपोआप व्यापारी हेतूची ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये डेमलर क्रायस्लर विरुद्ध कंट्रोल्स अँड स्विचगिअर प्रकरणात सांगितलं आहे.

१८. मागणी काय करावी, गाडी की पैसे?

दोन्ही, पर्यायी क्रमाने. 'त्याच मॉडेलची नवी निर्दोष गाडी द्यावी, ते शक्य नसेल तर पूर्ण रक्कम व्याजासह परत करावी, तेही नाही तर दोष कायमचा दूर करून वाढीव वॉरंटी द्यावी' अशी मांडणी ठेवा. फक्त बदलून मागितली आणि मॉडेल बंद झालेलं असेल, तर आयोगालाही अडचण होते.

लोक एक्स-शोरूम किंमत लिहून थांबतात. रोड टॅक्स, नोंदणी, पसंतीच्या नंबरची फी, विमा, कर्जाचं व्याज, गाडी वर्कशॉपला असताना केलेला प्रवासखर्च, मानसिक त्रास, तक्रारीचा खर्च, हे सगळं वेगवेगळं आकड्यांत मागा. नवी गाडी मिळाली तर तिच्या नोंदणीचा आणि विम्याचा खर्च कोणाचा, हेही मागणीत लिहा. आदेशात ते आलं नाही तर जिंकलेल्या माणसालाही टॅक्स पुन्हा भरावा लागतो. वापराबद्दल काही रक्कम वजा होण्याची तयारी ठेवा.

१९. बाहेर एलईडी दिवे बसवले, सीएनजी किट लावलं, एक सर्व्हिस चुकली. तक्रार संपली का?

संपली नाही, अडचणीत आली. विचार असा होतो, की केलेल्या बदलाचा आणि दोषाचा संबंध आहे का? वायरिंग कापून दिवे लावले आणि इलेक्ट्रिकलचा दोष निघाला तर कंपनीचं म्हणणं टिकतं. सीट कव्हर बाहेरून घातलं आणि गिअरबॉक्स गेला, याचा काही संबंध नाही. सर्व्हिस मात्र वेळेवर आणि कागदासह करा. वाद सुरू झाल्यावर तर स्क्रूलाही बाहेरच्या गॅरेजचा हात लागू देऊ नका. उंदराने कुरतडलेली वायर, भेसळीचं इंधन हे उत्पादनदोष नाहीत.

२०. आयोगाने तडजोड सुचवली. जावं का?

जावं. कायद्यात मध्यस्थीची तरतूद आहे आणि चांगल्या कागदांसमोर कंपन्या तिथे नमतात. पण वाढीव वॉरंटी, बदलायचे भाग, रक्कम, तारीख, हे सगळं लिहून आयोगापुढे नोंदवून घ्या. 'पुढे काही तक्रार करणार नाही' ही ओळ असेल तर 'हाच दोष पुन्हा आल्यास' एवढी सवलत तिच्यात घालायला लावा.

२१. कंपनीने माझ्या मॉडेलच्या गाड्या परत मागवल्या आहेत. आता आपोआप बदलून मिळेल?

परत मागवणं म्हणजे बहुतेक वेळा एखादा भाग फुकट बदलणं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ११०अ खाली सरकार सदोष गाड्या परत मागवायला लावू शकतं, आणि तिथे पैसे परत, बदलून देणं किंवा दुरुस्ती असे तिन्ही मार्ग लिहिलेले आहेत. तुमची गाडी त्या यादीत असेल तर ते पत्र तक्रारीला जोडा. दोष कंपनीने स्वतः मान्य केल्याचा इतका चांगला कागद दुसरा नाही.

२२. निकाल माझ्या बाजूने लागला, कंपनी पाळत नाही. पुढे?

कंपनीला ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं, पण आदेशातल्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपील नाही, स्थगितीही नाही, तर दोन रस्ते आहेत. कलम ७१ प्रमाणे दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसुलीची दरखास्त, आणि कलम ७२ प्रमाणे आदेश न पाळल्याबद्दल शिक्षेचा अर्ज: एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. दोन्ही अर्ज त्याच जिल्हा आयोगात करायचे. आदेशाची सही-शिक्क्याची प्रत मिळाली की ती डीलर आणि कंपनी दोघांना स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोच जपून ठेवा. नवी गाडी द्यायला आले तर प्रश्न ४ मधली सगळी तपासणी पुन्हा करा. जुनी गाडी त्यांच्या ताब्यात देताना किलोमीटरचा आकडा, चाव्या आणि कागदपत्रं लिहून पोच घ्या, आणि आरसीवरचं तुमचं नाव निघेपर्यंत विमा चालू ठेवा.